स्प्लेंडर २००१ : शॉकअपचं सील तिसऱ्यांदा गेलं, वर ब्रेक दाबला की 'टक'

गावभागकर
नमस्कार मंडळी. वडिलांची हिरो होंडा स्प्लेंडर आहे, २००१ ची, एमएच १०, म्हणजे आमची सांगलीची. मी मोठा झालो तो तिच्या टाकीवर बसून, त्यामुळं विकायचा विषय घरात काढायचा नाही हे आधीच सांगतो. चार-पाच वर्षं नुसती पत्र्याच्या शेडखाली पडून होती, गेल्या दिवाळीत काढली, इंजिनचं काम केलं, आता इंजिन सुरेख आहे. पण पुढचे शॉकअप डोकं खायला लागलेत. डावीकडचं ऑइल सील, म्हणजे आतलं ऑइल अडवणारी रबरी रिंग, ८ महिन्यात तिसऱ्यांदा गेलंय, उजवीकडं नुसतं ओलसर असतं. दुसरं म्हणजे पुढचा ब्रेक दाबला की खालून 'टक' असा एक आवाज येतो, हाताला पण जाणवतो. आणि तिसरं, हे अलीकडं दीड महिन्यात सुरू झालंय, माधवनगर रोडला ४० च्या स्पीडला हँडल सरळ धरलं तरी गाडी हळूच डावीकडं, हळूच उजवीकडं अशी पोहते, दारू प्यायल्यासारखी. मिस्त्री म्हणतोय अख्खे शॉकअप बदला, वडील म्हणतायत त्याला आधी तीनदा सील बदलायचे पैसे दिले तेव्हा का नाही म्हणला. दोघांच्या मधे मी. काय करू?

दोन_स्ट्रोक
आरएक्स १०० घे. संपला विषय.

गावभागकर
दादा आरएक्सचा आत्ताचा भाव बघितलाय का, तेवढ्यात वडील मला घराबाहेर काढतील आणि गाडी आत ठेवतील.

मिरजेचा_मिस्त्री
गावभागकर, जरा थांब. काही विकत आणायच्या आधी बघून घे, कारण तू तीन वेगवेगळ्या तक्रारी एका दमात लिहिल्यास आणि त्या तिन्ही एकाच शॉकअपच्या असतील असं धरून बसलायस. तसं असेलच असं नाही. मी ३० वर्षं हेच करतोय, पुढून आवाज आला की गिऱ्हाईक पण शॉकअप म्हणतं आणि नवीन पोरं पण शॉकअप म्हणतात, कारण तो समोर दिसतो.

पहिलं गळतीचं. ऑइल येतंय कुठून ते बघ. बॉटम म्हणजे खालची ॲल्युमिनियमची नळी, ती फडक्यानं, थोडं रॉकेल लावून, एकदम कोरडी कर. मग घरातली पावडर, तोंडाला लावायची, ती सीलच्या खाली आणि बॉटमच्या तळाला पण जरा भुरभुरव. गाडी स्टँडवरून काढ, पुढचा ब्रेक धरून १०-१५ वेळा दाब. पावडर वरून ओली झाली तर सील, तळातून ओली झाली तर खाली जो ॲलन बोल्ट असतो त्याचा तांब्याचा वॉशर गेलाय. तळातनं गळणारं ऑइल वाऱ्यानं मागं पसरतं आणि लोक वरचं सील बदलत बसतात. माझ्याकडं अशा चार गाड्या तरी वर्षाला येतात.

दुसरं, पाईपवर, म्हणजे बॉटमच्या आत वर-खाली जाणारी क्रोमची चकचकीत नळी, तिच्यावर नख फिरव. डोळ्यानं बघू नको, नख फिरव. वरून खाली, सगळ्या बाजूनं.

तिसरं आणि हे आजच कर, ऑइल चाकातल्या ब्रेकच्या ड्रममधे जातंय का बघ. ब्रेकचं लायनर एकदा ऑइल प्यायलं की पुढचा ब्रेक नुसता शोभेचा. तोपर्यंत वडिलांना गाडी देऊ नको.

तासगाव_बेदाणा
माझं मत, २० ग्रेडचं घट्ट ऑइल टाक, गळायचं बंद होईल. आमच्या इथं सगळे तेच करतात, काहीजण तर इंजिन ऑइलच टाकतात. बेदाण्याचे बॉक्स मागं लादून रोज जातोय मी, काही होत नाही.

मिरजेचा_मिस्त्री
भाऊ, घट्ट ऑइल गळायचं बंद होत नाही, सावकाश गळतं एवढंच.

लेथवाला_कुपवाड
बेदाणावाले, घट्ट ऑइलचं काय होतं ते सांगतो. या जुन्या शॉकअपमधे आत एक डॅम्पर रॉड असतो, त्याला बारीक भोकं असतात, शॉकअप दबला की ऑइल त्या भोकातून ढकललं जातं, तोच काय तो डॅम्पिंग, म्हणजे झटका जिरवणं. भोकाचा साईझ काही बदलत नाही. सावकाश दबला तर ऑइल आरामात जातं, पण खड्ड्याची कड एकदम लागली की तेवढ्या वेळात जाऊ शकत नाही, शॉकअप लोखंडाच्या दांड्यासारखा होतो आणि झटका मनगटात. दबायचा स्पीड दुप्पट झाला की अडवणूक साधारण चौपट होते. त्यात तू घट्ट ऑइल टाकलंस की लहान खड्डेसुद्धा दांड्यासारखे लागतात. तुझी गाडी मागं लोड घेऊन चालते, पुढं वजनच नाही, म्हणून तुला कळत नसेल.

तासगाव_बेदाणा
बरं बाबा. पण मनगट दुखतं हे खरंय, मला वाटलं वयामुळं.

गावभागकर
मिस्त्रीकाका, केलं सगळं. पावडर आईची घेतली, त्यावरून वेगळं ऐकून घेतलं. तळ कोरडा आहे, वरूनच येतंय. ड्रम उघडून बघितला, कोरडा आहे, थोडक्यात वाचलो. आणि नख. डाव्या पाईपला सीलच्या वर साधारण दोन बोटं, मागच्या बाजूला, नख अडकतंय. जवळून बघितलं तर मोहरीच्या दाण्यापेक्षा बारीक काळे ठिपके आहेत, १५-२० असतील, आणि त्यांच्या आजूबाजूला उभे ओरखडे. उजव्या पाईपला पण ठिपके आहेत पण वरच्या अंगाला.

हरिपूर_रोड
एक प्रश्न. २०१९ च्या पुरात गाडी कुठं होती?

गावभागकर
आईशप्पथ. गावभागातच, घरासमोर. आम्ही वरच्या मजल्यावर अडकलो आणि नंतर बोटीतून निघालो, गाडी खाली राहिली. हँडलसुद्धा दिसत नव्हतं.

हरिपूर_रोड
मग संपलं. आयर्विन पुलाजवळ ५७ फुटाच्या वर गेलं होतं त्यावेळी कृष्णेचं पाणी, धोक्याची पातळी ४५. माझी पण गाडी होती पाण्यात, पाच-सहा दिवस. सगळ्यांनी इंजिन खोललं, कार्ब्युरेटर साफ केला, सीटमधनं चिखल काढला, शॉकअप कुणीच नाही खोलला. मी पण नाही. वरून पुसला की चकाचक दिसतो ना तो.

मिरजेचा_मिस्त्री
बरोबर पकडलं हरिपूर. डस्ट सील, म्हणजे ऑइल सीलच्या वरचं धूळ अडवणारं रबर, त्याच्या कडेला गाळ बसतो आणि तो ओला राहतो. पाणी उतरलं तरी तिथं महिनाभर ओल असते. बाकी क्रोम वाळतं, तेवढ्या पट्ट्यात आतनं गंज उठतो. मग गाडी चालवली की तो खडबडीत पट्टा प्रत्येक खड्ड्याला सीलच्या ओठातनं वर-खाली जातो, म्हणजे कानशीच की. नवीन सील टाकलं तरी दोन-तीन महिने. सीलचा काही दोष नाही. पण ते उभे ओरखडे कशाचे?

गावभागकर
वडिलांनी पॉलिश पेपर मारलाय. वरून खाली.

मिरजेचा_मिस्त्री
काकांना नमस्कार सांग. पेपर मारायचाच तर पाईपच्या भोवती, आडवा, चपलेचा पट्टा ओढल्यासारखा. उभा मारला की प्रत्येक ओरखडा म्हणजे ऑइलला बाहेर यायची पन्हाळ. पण आता खड्डा इतका खोल आहे की आडव्यानं पण भागणार नाही.

गावभागकर
काका ते शेजारीच बसलेत, वाचतायत.

दोन_स्ट्रोक
😂😂 काका नमस्कार

विट्याची_शाईन
एक शंका, मधेच विचारते. माझ्या गाडीचं सील पण गळत होतं, पण पाईप एकदम गुळगुळीत. मला एकानं सांगितलं की सीलमधे कचरा अडकला असेल, जुन्या फोटोची निगेटिव्ह असते ना तिचा तुकडा कापून सीलच्या ओठाखालून फिरव. फिरवला, काळी घाण निघाली, त्यानंतर गळालं नाही. हे बरोबर केलं का नशीब होतं?

लेथवाला_कुपवाड
बरोबर केलंत ताई. गुळगुळीत पाईप असेल तर सील बदलायच्या आधी हेच करायचं. फक्त निगेटिव्हच वापरायची, स्क्रू ड्रायव्हर नाही. आता निगेटिव्ह शोधायला म्हातारीची ट्रंक उघडावी लागते हा भाग वेगळा.

गावभागकर, पाईपचं म्हणशील तर हार्ड क्रोम होतं, जुनं क्रोम उतरवायचं, नवीन जाड चढवायचं, मग ग्राइंडिंग करून मापात आणायचं. पण मी स्वतः हे काम करतो तरी सांगतो की स्प्लेंडरला करू नको. तिचे नवीन पाईप कुठंही मिळतात आणि जोडी हार्ड क्रोमपेक्षा स्वस्त पडते. हार्ड क्रोम जावा-येझदीवाल्यांनी करावं, किंवा ज्याला पाईपच मिळत नाही त्यानं. नवीन आणलास तरी दुकानात काउंटरच्या काचेवर ठेवून लोळवून बघ, खालून उजेड दिसला की बाक आहे. माझ्याकडं व्ही ब्लॉकवर, म्हणजे खाचेच्या ठोकळ्यांवर, पाईप फिरवून डायल लावून बाक मोजता येतो, होंडाच्या मॅन्युअलात ०.२ मिमीच्या वर बाक चालत नाही. आणि डायलचा काटा जेवढा फिरतो त्याच्या निम्मा खरा बाक, हे लोक विसरतात आणि चांगला पाईप टाकून देतात.

गावभागकर
शॉकअप खोलले आज. आता हे वाचा. डाव्यातनं ऑइल निघालं ते ऑइल नव्हतंच, चहात दूध जास्त झाल्यावर दिसतं तसलं. तळाला वाटीभर... नाही, चमचाभर म्हणू, बारीक गाळ, बोटावर घेतला तर कृष्णेचाच, त्या वासाला सांगलीचा माणूस फसत नाही. म्हणजे हा गाळ एवढी वर्षं आत बसून होता आणि त्याच्यावर तीन वेळा नवीन सील बसलं. मिस्त्रीनं तिन्ही वेळेला वरून सील बदललं आणि ऑइल 'टॉप अप' केलं, आतनं धुतलाच नाही. उजव्यातलं करडं होतं, भांडी घासलेल्या पाण्यासारखं, पण पाणी नाही वाटलं. आणि उजव्यात डाव्याच्या दीडपट ऑइल.

मिरजेचा_मिस्त्री
दुधाळ म्हणजे पाणी मिसळलेलं. करडं म्हणजे ॲल्युमिनियमची झीज, एवढ्या वर्षाला ते असतंच, घाबरू नको. दोन्हीकडं वेगवेगळं ऑइल होतं म्हणजे एक पाय घट्ट आणि एक ढिला, गाडी कशी सरळ दबणार. आणि ऑइल जास्त झालं तर आत हवेला जागा कमी राहते, दबल्यावर प्रेशर वाढतं आणि ते सीलवरच निघतं. म्हणून मापानं. मॅन्युअलात जेवढं दिलंय तेवढं, दोन्हीकडं सारखं, शक्यतो १० ग्रेडचं शॉकअप ऑइल. आणि बाटलीनं मोजण्यापेक्षा स्प्रिंग काढून, पाईप पूर्ण खाली दाबून, वरच्या कडेपासून ऑइल किती खाली आहे ते पट्टीनं मोज, कारण आत थोडं जुनं चिकटून राहतंच.

ॲलन बोल्ट सुटला का? बऱ्याच जणांचा तो नुसता गरगर फिरतो.

गावभागकर
फिरला की. अर्धा तास फिरत होता. मग लक्षात आलं की मी शहाणपणा करून आधी स्प्रिंग काढली. परत स्प्रिंग टाकली, झाकण लावलं, भावाला सांगितलं छातीवर घेऊन दाबून धर, तेव्हा आतला रॉड पकडला गेला आणि सुटला. भावाच्या शर्टाचं वाटोळं.

हरिपूर_रोड
सील बसवताना पाईपच्या वरच्या टोकावर दुधाची रिकामी पिशवी घाल, तिला ऑइल लाव आणि मग सील सरकव. टोकाची धार सीलच्या ओठाला कापत नाही. ठोकायला बाथरूमचा पीव्हीसी पाईप, बरोबर मापाचा तुकडा मिळतो कुठंतरी. हातोडी आणि पेचकस लावून गोल गोल ठोकणाऱ्याला गाडी देऊ नये.

गावभागकर
अपडेट. नवीन पाईप, नवीन सील, आतनं रॉकेलनं तीनदा धुतलं, १० चं ऑइल, दोन्हीकडं सारखं मोजून. स्प्रिंग दोन्ही शेजारी उभ्या करून बघितल्या, एकाच उंचीच्या आहेत, मॅन्युअलात दिलेल्या लांबीच्या आत आहेत म्हणून त्याच ठेवल्या. गळती शून्य. पुढनं दाबून सोडली की वर येऊन तिथंच थांबते, आधी दोनदा झुलायची.

पण 'टक' तसाच. आणि गाडी पोहते ती पण तशीच. वडील म्हणाले, बघ, म्हणजे मिस्त्री चुकला आणि तुम्ही पण चुकला.

दोन_स्ट्रोक
काका पॉइंट आहे

मिरजेचा_मिस्त्री
चुकलो नाही, मी पहिल्याच दिवशी म्हणलं तिन्ही एकाचं नसेल. आता पोहण्याचं बघू. मधल्या स्टँडवर लाव, इंजिनखाली विटा देऊन पुढचं चाक हवेत घे. हँडल एका बोटानं, अगदी मधोमध असताना, जरा ढकल. आपल्या वजनानं शेवटपर्यंत गेलं पाहिजे, दोन्हीकडं. मग सावकाश परत मधे आण आणि डोळे मिटून बघ कुठं अडकतंय का. नंतर खाली दोन्ही बॉटम धरून पुढं-मागं ओढ, कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते छर्रे आणि वाट्या, ढिला असेल तर वर टीजवळ, म्हणजे दोन्ही शॉकअप धरणाऱ्या पट्टीजवळ, हलेल.

आणि हे खरं सांग, 'टक' आहे म्हणून मिस्त्रीनं कोनसेट आवळला का?

गावभागकर
तुम्ही तिथं होता का? दीड महिन्यापूर्वी म्हणाला कोन ढिला आहे, आवळून देतो, आवाज जाईल. आवाज गेला नाहीच.

आणि टेस्ट. बोटानं ढकलून हँडल जातच नाही, ढकललं तिथंच उभं राहतं. आणि बरोबर सरळ असताना एक खाच जाणवते, मधे आलं की बसतं तिथं 'खट्ट' करून. मी डोळे मिटून केलं तर प्रत्येक वेळी बरोबर मधोमध थांबवू शकलो.

मिरजेचा_मिस्त्री
तीच खाच. गाडी आयुष्यभर सरळच चालते, प्रत्येक खड्ड्याचा मार त्याच जागेवरच्या छर्र्यांना बसतो, वाटीत बारीक खळगे पडतात. वर पुराचं पाणी आणि गंज. त्यावर आवळला की छर्रे खळग्यात रुतून बसतात. आता बघ, गाडी सरळ चालवताना आपण नकळत हँडल सतत इकडं तिकडं बारीक हलवत असतो तोल धरायला, ते हलणंच त्या खाचेनं अडवलं, मग तू जोर लावतोस, ते एकदम सुटतं, जास्त जातं, परत आणतोस. म्हणून पोहते. कोनसेट पूर्ण बदल, वरच्या-खालच्या सगळ्या वाट्या, नुसते छर्रे बदलून उपयोग नाही. जुने छर्रे काढताना वरचे किती खालचे किती ते मोजून दोन वेगळ्या झाकणात ठेव. बसवताना प्ले, म्हणजे ढिलेपणा, शून्य आणि हँडल वजनानं पडलं पाहिजे, या दोन्हीच्या मधे ती जागा आहे. ५०० किमीनंतर परत बघायचा, नवीन वाट्या बसतात आणि जरा ढिलं होतं.

तासगाव_बेदाणा
मागं लोड असला की पण पोहते गाडी, माझी पोहते.

लेथवाला_कुपवाड
बेदाणावाले तुमचं पुढचं चाक निम्मं हवेत असतं ते वेगळं.

गावभागकर, टी परत लावताना एक गोष्ट. सगळं आधी सैल लाव. एक्सलचा नट आवळ, मग ब्रेक धरून ५-६ वेळा दाबून शॉकअप एकमेकांशी जुळू दे, मग खालच्या टीचे बोल्ट, वरचे, आणि सगळ्यात शेवटी मडगार्डचे. मडगार्डला नुसता पत्रा समजू नको, एवढ्या बारीक पाईपाच्या गाडीला तोच दोन्ही पाय एकत्र धरतो. चारातले दोन बोल्ट नसलेल्या गाड्या येतात माझ्याकडं, हँडल सरळ आणि चाक तिरकं.

गावभागकर
कोनसेट बदलला. पोहणं बंद!! माधवनगर रोडला दोन्ही हात हलके धरून ५० ला गेलो, रेल्वेसारखी सरळ. वडिलांना पण चालवायला दिली, काही बोलले नाहीत म्हणजे आवडली.

'टक' आहेच. आता तर बाकी सगळं शांत झालंय म्हणून जास्तच ऐकू येतो.

दोन_स्ट्रोक
चाकाचं बेअरिंग?

गावभागकर
चाक हवेत घेऊन वर-खाली धरून हलवलं, काही नाही. आरे पण एकेक वाजवून बघितले, सगळे सारखे वाजतात.

विट्याची_शाईन
मी मेकॅनिक नाही पण एक सुचवते. तुम्ही प्रत्येक वेळी आवाज ब्रेक धरूनच काढताय. ब्रेक न धरता शॉकअपवर तसाच जोर देऊन बघितलाय का? म्हणजे पुढचं चाक भिंतीला टेकवायचं आणि गाडी मागनं ढकलायची, ब्रेक सोडून. मग आला तर शॉकअप नाहीतर कोनसेट, नाही आला तर ब्रेकचंच काहीतरी. आमच्या घरी मिक्सर वाजतो का भांडं वाजतं हे असंच शोधतात.

मिरजेचा_मिस्त्री
ताई, ३० वर्षांत हे मला कुणी शिकवलं नाही. कर रे गावभागकर.

गावभागकर
केलं. घरासमोरच्या भिंतीला टेकवली. त्या भिंतीवर आम्ही २०१९ ची पाण्याची रेघ निळ्या ऑइल पेंटनं मारून ठेवलीय, गाडी उभी केली तर रेघ आरशाच्या पण वर जाते, फोटो टाकतो नंतर. ब्रेक न धरता ढकलली, शॉकअप चांगला दबला, आवाज नाही. दहा वेळा केलं, नाही. ब्रेक धरून ढकलली, टक. मागं ओढली, परत टक. ढकलली टक, ओढली टक. पण एका बाजूला दोनदा सलग ढकलली तर दुसऱ्यांदा नाही येत, मधे उलटी ओढावी लागते.

मिरजेचा_मिस्त्री
सापडलं. एका दिशेला एकदाच वाजतो म्हणजे कुठंतरी खाचेत काहीतरी ढिलं आहे, एका कडेवरनं दुसऱ्या कडेवर आपटतंय. ब्रेक प्लेट बघ, ड्रमचं झाकण, ज्यावर लायनर बसतात. तिला एक खाच असते, ती बॉटमवर बाहेर आलेल्या कानावर बसते, म्हणजे ब्रेक लागल्यावर प्लेट चाकाबरोबर फिरू नये. भावाला ब्रेक धरून गाडी हलवायला सांग आणि तू त्या कानावर बोट ठेव.

गावभागकर
बोटाला चिमटाच बसला की. एवढा प्ले आहे. हॅक्सॉ ब्लेडची दोन पानं एकावर एक ठेवून त्या फटीत गेली, तिसरं अडकलं. कानाची एक कड झिजून गोल झालीय, गूळ चाटल्यासारखी. इतके महिने सगळे वर बघत होतो आणि हे खाली एवढंसं.

तासगाव_बेदाणा
सायकलच्या ट्यूबचा तुकडा कोंब फटीत. आवाज बंद.

मिरजेचा_मिस्त्री
अजिबात नाही. भाऊ राग मानू नका पण हे वाचून कुणी केलं तर जिवाशी येईल. ब्रेक दाबला की सगळा जोर त्याच एका कानावर येतो. रबर आवाज दाबेल आणि झीज चालूच राहील, आणि ज्या दिवशी खाच कानावरून सुटली त्या दिवशी प्लेट गरकन फिरते, ब्रेकची वायर ओढली जाते, चाक जाम. माणूस हँडलवरून पुढं. तोपर्यंत गाडी बंद ठेव गावभागकर.

तासगाव_बेदाणा
नाही नाही, मागं घेतो शब्द. माझी पण बघतो आज जाऊन.

लेथवाला_कुपवाड
बॉटम घेऊन ये. आर्गन वेल्डिंगनं भरून देतो ॲल्युमिनियम, मग तुझ्या प्लेटची खाच बसवत बसवत कानशीनं उतरवू. मात्र सील काढून आण, वेल्डिंगच्या गरमीनं नवीन सील जाईल. म्हणजे परत नवीन सील, मी सांगितलं नाही म्हणू नको. दुसरा मार्ग म्हणजे जुना चांगला बॉटम शोध, पण जुन्याचा कान पण तेवढाच म्हातारा असणार. प्लेटची खाच पण बघ, ती पसरली असेल तर प्लेट नवीन घे, ती काही महाग नाही.

गावभागकर
प्लेट नवीन घेतली. बॉटम कुपवाडला नेऊन भरून आणला. लेथवाल्या दादांनी एक तास कानस मारली, दोन घासे मारले की प्लेट लावून बघायचे, परत दोन घासे, शेवटी प्लेट हातानं सरकत आत गेली आणि हलवली तर हलली नाही. मी पैसे विचारले तर म्हणाले चहा सांग आधी. सील परत नवीन, दुधाची पिशवी घालून. आज सकाळी सगळं लावलं, भिंतीला टेकवून ढकलली, ब्रेक धरून, ब्रेक सोडून, पुढं, मागं.

काही नाही. एकदम शांत.

विट्याची_शाईन
वा! अभिनंदन 👏

हरिपूर_रोड
मस्त. आता मी पण माझे शॉकअप खोलतो, गाळ निघाला तर इथंच लिहीन.

दोन_स्ट्रोक
काका काय म्हणाले?

गावभागकर
कोपऱ्यापर्यंत एक चक्कर मारून आले आणि म्हणाले, आवाज येत नाही त्यामुळं ब्रेक लागतोय का नाही ते कळतच नाही.

मिरजेचा_मिस्त्री
😄 काकांना म्हणावं ५०० किमीला कोनसेट बघायला मिरजेला या, चहा माझ्याकडं.

गावभागकर
सांगतो आल्यावर. भडंग आणायला म्हणून गेलेत गाडी घेऊन, दुकान गल्लीच्या तोंडाला आहे, दोन तास झाले.